कोरा दंड

तांड्याकडे जायची ही तिसरी खेप होती, आणि या वेळी तरी मुलं सापडतील अशी कमलाकरला काही आशा नव्हती. पाय उचलायचे म्हणून तो उचलत होता. पळसाची फुलं वाळून धुळीत मिसळली होती, आणि ती धूळ नाकात गेली की त्याला शिंकांची उबळ यायची. शिंकून शिंकून डोळे पाण्याने भरले की तो थांबायचा, चष्मा पुसायचा आणि पुन्हा चालू लागायचा. मागून लशीची पेटी ओल्या फडक्यात गुंडाळून उकंडा शिपाई येत होता. साहेब थांबले की तोही थांबायचा. बोलण्याजोगं दोघांजवळही फारसं उरलं नव्हतं.

कमलाकर लसटोचक होता. जनपद सभा होती तेव्हा तिचा नोकर, आता जिल्हा परिषद नवी नवी झाली होती तर तिचा. खेड्यातले लोक त्याला देवी-डागदर म्हणत. तो डॉक्टर नव्हता. मॅट्रिक होऊन पुढे शिकायचं राहिलं होतं, आणि ती हौस तो यवतमाळच्या वाचनालयातली पुस्तकं आणून भागवत होता. चार माणसांपुढे बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. मुलांना टोचणं त्याला जमायचं. त्यांच्या आईबापांना ‘टोचून घ्या’ म्हणणं काही जमायचं नाही.

बोरी अरबकडच्या एका तांड्यात देवी निघाल्याची खबर आली होती, आणि या तांड्याच्या सोयरिकी तिकडेच होत्या. लग्नसराईत जाणंयेणं चालूच असणार. म्हणून वरून रोज ताकीद होती. पण पहिल्या खेपेला तांड्यात चुली पेटलेल्या, भाकऱ्या तव्यावर करपलेल्या आणि माणूस म्हणून एक आंधळा म्हातारा. बायका पोरं काखेला मारून जंगलात पसार झाल्या होत्या. दुसऱ्या खेपेला तो आंधळाही नव्हता.

आज मात्र टेकाड उतरताच त्याला लिंबाखाली सगळा तांडा बसलेला दिसला. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, आणि पोरंसुद्धा. पळालेला तांडा पाहून त्याला कधी भीती वाटली नव्हती. हा बसलेला पाहून वाटली.

“रामराम डागदरसायेब,” खेमसिंग नायकाने बाजेवर जागा केली. खेमसिंग तांड्याचा नायक. त्याने हो म्हटलं की तांडा हो म्हणायचा. त्याने गुळाचं पाणी मागवलं, ते पिऊन होईपर्यंत वाट पाहिली, आणि मग अगदी शेजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं, “तुमाले लेकरूबाळ किती जी?”

“एक मुलगी आहे. सुनीती.”

“केवढी?”

“वर्षाची होईल आता.”

“माही सून जमनी बाजाराच्या दिवशी बाभुळगावले मोळी विकते. तुमच्या दारी बी टाकते. खरं का नाई?”

“खरं आहे.”

“सांग जमने, काय पाह्यलं तू.”

जमनी तिच्या तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. ओढणी पुढे ओढून ती म्हणाली, “बाई तिले आंग पुसून देऊन राह्यल्या होत्या. उघडी होती पोट्टी. दोन्ही दंड पाह्यले म्या, टोचल्याची निशानी नाई. कोरे. राखेनं घासलेल्या गडव्यावानी कोरे.”

बायकांत कुजबूज झाली. नायक नुसता कमलाकरकडे पाहत राहिला, आणि ते पाहणंच पुरेसं होतं.

“कोरे कायचे?” पुरुषांमधून देवीलाल उठला. हा नायकाचा चुलतभाऊ, कोणत्याही बैठकीत उलटं बोलायचं हा त्याचा मान. “अन् गाल नाई पाह्यले का तिचे? तूच सांगतलं ना, गालातून पानी गळते, हातायले फडके बांधून ठेवते माय, खाजवून खाजवून रगत काढते म्हनून. ते कायचं हाय मंग? टोचल्याचंच! टोचलं असन कुठं पाठीवर, नाई तं मांडीवर.”

“अरे, मांडीवर टोचतेत का कोनी?”

“सरकारी मानसाचा काय भरोसा बावा? जागा दिसन तिथं टोचतेत.”

हशा पिकला. मग दोन तट पडले. अर्ध्यांचं म्हणणं, याने स्वतःच्या पोरीला टोचलंच नाही, म्हणजे लशीत काही तरी खोट आहे. अर्ध्यांचं म्हणणं, याने टोचलं, आणि त्यानेच पोरीची कातडी सडली. दोन्ही तट एकमेकांशी कडाकडा भांडत होते, आणि दोघांचा निवाडा मात्र एकच होता. कमलाकरला वाटलं, इतकं पक्कं कोडं आपल्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

“तिला इसब आहे,” तो म्हणाला. आवाज कुणाला ऐकू गेला नाही म्हणून पुन्हा म्हणाला. “जन्मली तेव्हापासूनच. टोचण्यामुळे नाही. माझ्या वडिलांना दमा होता. मला कापसाच्या दिवसांत, धुळीच्या दिवसांत श्वास घेववत नाही. आमच्या घराण्याची कातडीच तशी. ते तिच्यात उतरलं.”

“घरान्याचं काई नाई,” मानीबाई म्हणाली. ही नायकाची आई. तिच्या चेहऱ्यावर देवीचे खोल वण होते आणि एक डोळा पांढरा झाला होता. सगळ्या तांड्याची ती याडी, आई. “तुमी कोर लोकं, तांड्याभायेरचे, पोट्टं धू धू धुता. सकाळी साबन, संध्याकाळी साबन. माटी लागू देत नाई, शेरडी हुंगू देत नाई. कातडं कशानं चिवट होईन मंग? सोड तिले आमच्या बकऱ्यायमधी एक महिना.”

गावाकडे कमलाकरची आई म्हणायची, त्याच्या बायकोने, कुंदाने, गरोदरपणी वांगी खाल्ली त्याचं हे फळ. शेजारीण म्हणायची, गाईच्या दुधाने होतं. यवतमाळच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी मलम लिहून दिलं आणि ‘का होतं ते विचारू नका’ म्हणाले. म्हातारीचंच खरं असेल, कोण जाणे.

“म्हंजे टोचलं नाई,” नायकाने मूळ धागा धरला.

“नाही.”

“काहून?”

इथे त्याने काही तरी गोल बोलायला हवं होतं. दुसरा कुठलाही लसटोचक बोलला असता. पण त्याला पटकन खोटं सुचत नसे, आणि सुचलं तरी ते उच्चारेपर्यंत वेळ निघून जायची.

“अशा कातडीच्या मुलाला ही लस चालत नाही,” तो म्हणाला. “दंडावर एक फोड यायचा, तो अंगभर पसरतो. मूल दगावूसुद्धा शकतं.”

उकंडाने मागून त्याचा सदरा ओढला, पण शब्द सुटला होता. जमनीने तान्ह्याचा दंड ओढणीखाली झाकून घेतला.

“आयकलं?” देवीलाल हळूच म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “त्याच्या पोरीले मारते, अन् आपल्या पोरायले तारते.”

“तुमच्या मुलांची कातडी...”

“बस्स झालं बापू,” मानीबाईने हात वर केला. “तुही पोरगी इथं आन. आमच्या देखत टोच. मंग तांड्यातलं एक पोट्टं पळनार नाई, मी जबान देते. नाई तं हे डबडं घेऊन पुन्हा या वाटेनं येऊ नोको.”

नायकाने आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. “पुढच्या बाजारापर्यंत सांगा सायेब,” तो म्हणाला, आणि वाटेला लावायला आपण होऊन नाल्यापर्यंत आला. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर उकंडाने तोंड उघडलं. “सायेब, एक सांगू का? रागवान नाई ना?”

“सांग.”

“पोरीले आना. सुईले औषीद लावूच नोका. कोरडीच फिरवा दंडावर. कोनाले समजते?”

“फोड आला नाही की समजेल.”

“तवापर्यंत तं तांडा टोचून होते ना जी.”

गोष्ट वाईट नव्हती, हेच कमलाकरला डाचत होतं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. कुंदा ओसरीवर बसून कडुलिंबाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या सुनीच्या गालांवर ठेवत होती. एक पट्टी सुकली की दुसरी. सुनीचे हात जुन्या धोतराच्या पिशव्यांत बांधलेले होते, आणि ती पिशवीतूनच गाल घासायला धडपडत होती. कुंदा यवतमाळच्या वकिलाच्या कारकुनाची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा गाणं म्हणायची. सुनी झाल्यापासून तिने सलग झोप घेतलेली कमलाकरने पाहिली नव्हती. घरातलं प्रत्येक फडकं ती उकळायची, जमीन दोनदा पुसायची, गाद्या रोज उन्हात टाकायची, आणि तरीही सुनी खाजवायचीच.

“सापडली मुलं?” तिने विचारलं.

“सापडली.”

“मग?”

त्याने पाय धुतले, कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, सदरा बदलला. हे सगळं झाल्याशिवाय तो मुलीजवळ जात नसे. मग उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं, उकंडाने सांगितलेली तोडसुद्धा. आपण ती का सांगितली हे त्याला कळलं नाही. बहुधा कुंदाने भडकावं आणि आपल्या मनातून तो विचार काढून टाकावा, म्हणून असेल.

कुंदा भडकली नाही. पट्टी पिळत म्हणाली, “कोरडी फिरवली तर काही होत नाही ना?”

“तिच्या कातडीला ओरखडासुद्धा नको. शिवाय ती सुई, तो डबा, माझे हात, सगळ्याला लस लागलेली. माझ्या हातून चुकलं तर?”

“तुमच्या हातून नाही चुकायचं.”

“मला नाही तसं वाटत,” तो म्हणाला. आणि ते खरंच होतं.

कुंदाने सुकलेली पट्टी काढून दुसरी ठेवली. मग तिने विचारलं, “बोरी अरबची साथ इकडे आली तर हिला देवी येतील?”

“हो.”

“आणि आल्या तर?”

त्याने नुसतं सुनीकडे पाहिलं. चांगल्या कातडीच्या मुलांचं काय होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

“ती जमनी दर बाजारी येते,” कुंदा म्हणाली. “मोळी टाकून पाणी पिते. तिच्या घागऱ्याला आरसे आहेत ना, हिला त्यांचं भारी वेड. ही रांगत जाऊन तिच्या घागऱ्याला धरते. मी ओरडते, पण धरतेच. काय करू? मोळी बंद करू?”

“मोळी बंद केलीस तरी दूधवाला आहे. पाणी भरणारी आहे.”

“मग कोंडून घेऊ का हिला? किती दिवस? मला नाही हो होत आता.” तिचा आवाज चढला नाही. ती नुसती थकली होती. “हिला टोचता येत नाही ते कळलं. मग बाकीच्यांना तरी टोचा ना. तुम्ही कशाला जाता गावोगाव? सरकारसाठी?”

कमलाकर उंबऱ्यावर तसाच बसून राहिला. इतकी वर्षं तो लोकांना सांगत आला होता, तुमच्या भल्यासाठी टोचून घ्या. लोक ऐकत नसत, आणि त्यालाही आपल्या शब्दांचा कंटाळा येई. आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं की तांड्यातली पोरं टोचून घेणार की नाही यावर आपलं स्वतःचं काही अवलंबून आहे. आणि ते त्याने तांड्याला सांगितलंच नव्हतं.

बाजाराच्या आधीच तो पुन्हा गेला, मुलीला न घेता. तांडा तसाच लिंबाखाली जमला. पोरगी दिसली नाही तेव्हा देवीलाल म्हणाला, “पाहा, म्या काय म्हनलं होतं!” त्याने नेमकं काय म्हटलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण सगळ्यांनी माना हलवल्या.

“नायक,” कमलाकर उभ्यानेच म्हणाला, कारण बसला असता तर बोलला नसता, “मी या आधी आलो तो सांगायला आलो होतो. आज मागायला आलो आहे. माझ्या मुलीला टोचता येत नाही. तिला देवी आल्या तर ती वाचणार नाही. तिच्याजवळ जे कोणी येतं ना, दूधवाला, पाणीवाली, ही जमनी, त्यांना देवी आल्या नाहीत तरच तिला येणार नाहीत. तिच्या दंडावर निशाणी होऊ शकत नाही. म्हणून ती तुमच्या दंडावर हवी. तुमच्या मुलांचंही भलं आहे यात, पण ते मी सांगत नाही. मी माझं मागतो आहे.”

एवढं सलग तो आयुष्यात कधी बोलला नसेल. शेवटी शिंक आली आणि ते सगळं फार केविलवाणं झालं असं त्याला वाटलं.

कुणी हसलं नाही. मानीबाईने तिचा चांगला डोळा बारीक केला.

“आमच्या सासऱ्याच्या वक्ती लदेणी चालत होती,” ती म्हणाली. “बैलायच्या पाठीवर मीठ लादून पार हैद्राबादेपर्यंत. वाटेत वाघ. दुबळं वासरू असलं का त्याले मधात घ्याचे. भवताल शिंगायचे बैल. वाघ आला तं शिंग लागन त्याले. वासराले शिंग कुठून असन?” ती थांबली. “तू तुही पोरगी मधात घ्या म्हनतं.”

“हो, याडी.”

“मंग पयले काहून नाई सांगतलं रे बावळटा? भलं भलं करून राह्यला होता.”

नायक मात्र अजून विचारात होता. तो सावकाश म्हणाला, “आमी तुमच्या पोरीसाठी दंड देतो. चालते. पन सुई काय करते ते आमच्या पोरायच्या अंगावर पाहाचं, अन् तुमी घरी जाऊन जेवाचं, हे बरं दिसत नाई. तुमी काय देता?”

प्रश्न सरळ होता. कमलाकरला त्याचं उत्तरही ठाऊक होतं, आणि त्या उत्तराची किंमतही. त्याने सदऱ्याची बाही वर केली. “माझा दंड,” तो म्हणाला. “लहानपणच्या निशाण्या आहेत त्यावर, पण पुन्हा टोचता येतं. मीच टोचून घेतो, तुमच्या देखत. आणि टोचल्यावर मला घरी जाता येणार नाही. जोवर खपली अंगावर आहे तोवर त्या खपलीतून लस माझ्या मुलीला लागू शकते. मी इथेच राहीन. तुमच्या पोरांना ताप आला, फोड आला, तर मी समोर असेन.”

“खपली पडेतोवर?”

“खपली पडेपर्यंत.”

“अन् बाई?” जमनीने पहिल्यांदा आपण होऊन विचारलं. “त्या एकट्या?”

कमलाकरने सुई उघडली. बारीक दातांची गोल चकती होती ती. दंडावर लशीचा थेंब घेऊन त्याने ती फिरवली. चरा वाकडा गेला. देवीलाल पुढे वाकून पाहत होता, तो म्हणाला, “आपल्याले तरी सरळ टोचजो बावा.”

त्यानंतर नायकाच्या घरची मुलं पुढे आली, मग सगळी, आणि त्यांच्या मागून मोठी माणसंही. आकांत उसळला. जमनीने आपल्या तान्ह्याचा दंड स्वतः धरला, डोळे मिटून. कमलाकर टोचण्याआधी प्रत्येक मूल उजेडात धरून पाहत होता, कोपरांच्या खोबणी, कानांमागे, गुडघ्यांमागे. एका पोराच्या कोपरात ओली खाज दिसली. त्याने त्याला बाजूला काढलं.

“माह्याच पोट्ट्याले काहून नाई?” देवीलाल कडाडला. “आमी काय कमी हाओ का?”

“त्याला माझ्या मुलीचंच आहे,” कमलाकर म्हणाला. “बकऱ्यांत लोळूनसुद्धा झालंय. त्याला आज टोचायचं नाही. ज्या गावात टोचून, खपल्या पडून झाल्या आहेत तिथे पाठवा, महिनाभर.”

देवीलालने मुलाकडे पाहिलं, मग आईने लपवावं तसं त्याला स्वतःच्या मागे घेतलं. मुलाला त्याने बाभुळगावजवळ मामाकडे पोचवलं.

उकंडा एकटाच परतला. काय सांगायचं ते कमलाकरने त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो कपडे आणि दोन पुस्तकं घेऊन आला.

“बाई काय म्हणाल्या?”

“काई नाई जी. आयकून घेतलं. मंग म्हने, मलम कोनतं संपत आलं ते विचारून ये.”

मग दिवस सुरू झाले. टोचल्याचे फोड आले म्हणजे तांड्यात माता, देवीच, आली असं धरून मानीबाईने तिचे जुने नेम लावले. फोडणी बंद, दारांना लिंबाचे डहाळे, आणि अंगावर माता असेतो कुणी नाला ओलांडायचा नाही. बाजारही नाही, मोळीही नाही. नेम देवीसाठी होते, लशीसाठी नव्हते, पण कमलाकरने ते खोडून काढले नाहीत. त्याला हवं तेच त्यातून होत होतं. पोरांना ताप आले, दंड सुजले, काखांत गाठी आल्या. तो घरोघर जाऊन पाही. जमनीच्या तान्ह्याला ताप जास्तच चढला तेव्हा त्याने त्याच्या उशाशी एक सबंध दुपार काढली. जमनी त्याच्याशी बोलत नव्हती. तिचा धनी म्हणत होता, आपण कशाला हो म्हटलं. कमलाकरच्या मनातही तेच चाललं होतं. कुणी विचारलं असतं, सगळं ठीक होईल ना, तर त्याने नक्की काय सांगितलं असतं हे त्यालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ताप उतरला, आणि जमनीने त्याच्यापुढे बिनफोडणीची डाळ ठेवली.

त्याच्या स्वतःच्या दंडाला मोठा फोड आलाच नाही. थोडी पुटकुळी, मग किरमिजी खपली. दुसरा कुणी असता तर ही काही खरी खपली नव्हे म्हणून घरी गेला असता. कमलाकर सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे पाही आणि त्याला खात्री वाटेना. तो राहिला.

एका सकाळी नाल्यापलीकडून उकंडाची हाक आली. भाड्याची दमणी होती, आणि तिच्यातून कुंदा उतरत होती, कडेवर सुनी.

“मी म्हणाले लांबून तरी बघू,” कुंदा पलीकडून ओरडली. नाला कोरडा होता, मधे नुसती वाळू. “जवळ नाही येत. घाबरू नका.”

“बरी आहे का?”

“गाल सुकताहेत थोडे. कानामागे तसंच आहे. तुमच्या मिशा वाढल्या हो!”

अलीकडच्या काठावर हा हा म्हणता तांड्यातल्या बायका पोरं घेऊन जमल्या. “हीच का ती?” मानीबाईने विचारलं. “दुरून तं बरी दिसते. खाते का?” कमलाकरने प्रश्न ओरडून पलीकडे पोचवला, कुंदाने उत्तर ओरडून अलीकडे. नाचणीची पेज खाते, दूध बंद केलंय. त्यावर तांड्यातल्या बायकांनी चार सल्ले दिले, ते त्याने पोचवले नाहीत.

बोलणं सरलं. उकंडा बैलांना घेऊन वरच्या डोहाकडे पाणी पाजायला गेला. कुंदाने पळसाच्या बुंध्याला पाठ टेकली आणि सुनीला समोर सावलीत बसवलं. क्षणभर टेकावं म्हणून तिने डोळे मिटले असतील. कमलाकरने पाहिलं, तिची मान हळूहळू खांद्यावर कलंडली आणि हात मांडीवरून वाळूत घसरला. झोपली होती. उठवू नये असं त्याला वाटलं. एवढ्या दिवसांत तिला देता येण्याजोगं हे एकच काही त्याला दिसलं होतं.

तेवढ्यात सुनी हलली. तिने अलीकडे पाहिलं. काठावर घागऱ्यांचे आरसे उन्हात चमकत होते. पिशव्या बांधलेले हात तिने वाळूवर टेकले आणि ती रांगायला लागली.

“अगं बाई, इकडंच येऊन राह्यली!” जमनी म्हणाली.

“कुंदा!” कमलाकरने हाक मारली. कुंदा जागी झाली नाही. त्याने पाऊल पुढे टाकलं आणि टाकलं तसं मागे घेतलं. उतरायचं तर दंडावर खपली होती. मागे उभ्या सगळ्यांच्याच दंडांवर होती. “मागे व्हा,” तो म्हणाला. “मागे व्हा सगळे.”

ते मागे झाले. सुनीला वाटलं खेळ आहे. ती किंचाळून हसली आणि जोरात रांगू लागली. तांडा आणखी मागे सरला. मानीबाई काठी टेकत, जमनी तान्ह्याला छातीशी दाबून, पोरं एकमेकांच्या पायांत अडखळत, नायकसुद्धा. आधी दोघी-तिघी हसल्या, मग कुणी हसेना. एक वर्षाची पोर वाळूतून पुढे येत होती, आणि तिच्यापुढे अख्खा तांडा चढणीवरून उलट्या पावली मागे मागे जात होता. सगळ्यांत शेवटी, तिच्या सगळ्यांत जवळ, तिचा बाप. त्याने दंड पाठीमागे लपवला होता, आणि ती एक हात वर करून त्यालाच मागत होती.

“बाई वो! ओ बाई!” जमनी जीव खाऊन ओरडली.

कुंदा दचकून जागी झाली, समोर पोर नाही म्हणून उठली, आणि मग तिला ती नाल्याच्या मधोमध दिसली. ती धावत आली. धावताना चप्पल वाळूत राहिली. सुनीला उचलून तिने छातीशी घट्ट धरलं, तिचे हात, पाय, गाल पुन्हा पुन्हा पाहिले, आणि तिथेच उभी राहून अलीकडे पाहिलं.

“कुणी शिवलं नाही ना?” तिने विचारलं. श्वास लागला होता.

“नाही,” कमलाकर वरून म्हणाला. “कुणी नाही शिवलं.”

सुनी मात्र रडत होती, कारण तिला कुणीच घेतलं नव्हतं. कुंदा तिला थोपटत सावकाश मागे फिरली. कमलाकर चढणीवर बसला. त्याच्या मागे तांडाही बसला. दमणी जाईपर्यंत कुणीच उठलं नाही.